आधी गल्ली, मग लेन्स, मग कॅमेरा

लार्ज फॉरमॅटकडे वळू पाहणारा माणूस पहिल्यांदा एकच प्रश्न विचारतो: "कुठला कॅमेरा घेऊ?" गिरगावातला वास्तुकलेचा विद्यार्थी असो, लग्नाचे फोटो काढून कंटाळलेला दादरचा फोटोग्राफर असो, की लालबागची चाळ पुनर्विकासात जाण्याआधी तिचा एकदा नीट फोटो काढून ठेवावा म्हणणारा बँकेतला कारकून असो, प्रश्न हाच. ही पुस्तिका त्याचं उत्तर देते, पण लगेच नाही. तिचं म्हणणं असं की, आधी काय टिपायचं ते ठरवा. ते टिपायला उभं राहण्यासाठी जागा किती मिळते ते पावलांनी मोजा. त्या जागेवरून कुठली लेन्स लागेल ते काढा. आणि मग ती लेन्स हवी तेवढी वर, खाली, पुढे, मागे सरकू देणारा कॅमेरा शोधा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि कॅमेरा माळ्यावर जाऊन बसतो.

लार्ज फॉरमॅट म्हणजे ४×५ इंच किंवा त्याहून मोठ्या शीट फिल्मवर, एका वेळी एकच पान घालून केलेलं छायाचित्रण. ४×५, ५×७ आणि ८×१० ही आजची चालू मापं. जुन्या स्टुडिओंत हाफ प्लेट म्हणजे ४¾×६½ आणि फुल प्लेट म्हणजे ६½×८½ इंच ही मापं रोजच्या बोलण्यातली होती. ३५ मिलीमीटरच्या फ्रेमपेक्षा ४×५चं क्षेत्रफळ १५ पट, तर ८×१०चं ६० पट. लोकांना आधी हाच आकडा भुरळ घालतो. पण केवळ बारकाव्यांसाठी आज कुणी एवढी यातायात करण्याचं कारण नाही. चांगला डिजिटल कॅमेरा तेवढे बारकावे देतो. या कॅमेऱ्याचं खरं बळ वेगळ्या ठिकाणी आहे. त्यात लेन्स एका पाटीवर, फिल्म दुसऱ्या पाटीवर आणि मध्ये घडीचा बेलोज. दोन्ही पाट्या एकमेकींपासून स्वतंत्र हलतात. लेन्स वर सरकवली की कॅमेरा न तिरका करता इमारतीचा माथा फ्रेममध्ये येतो आणि उभ्या रेषा उभ्याच राहतात. लेन्स पुढे झुकवली की पायाशी पडलेल्या फरशीपासून गल्लीच्या टोकापर्यंत एकच प्रतल स्पष्ट होतं. ऑस्ट्रियाच्या लष्करातले कॅप्टन टेओडोर शाइम्पफ्लुग यांनी १९०४ सालच्या आपल्या पेटंटमध्ये जो मांडला, त्या नियमाला आज त्यांचं नाव आहे: विषयाचं, लेन्सचं आणि फिल्मचं प्रतल एकाच रेषेत भेटलं की सगळा विषय फोकसमध्ये येतो. छापखान्यातल्या खिळ्यांच्या केसेसचा फोटो काढायचा झाला तर छिद्र बारीक करत बसण्यापेक्षा लेन्स जराशी झुकवणं कधीही बरं.

हे सगळं आपल्याकडे परकं नाही. फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बेची स्थापना १८५४ची. डॉ. भाऊ दाजी आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी दोघेही तिच्याशी जोडलेले होते. नारायण दाजी तर स्वतः उत्तम छायाचित्रकार. १८५५मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. तिथे शिकलेले हरिश्चंद्र चिंतामण पुढे मुंबईतल्या पहिल्या भारतीय व्यावसायिक छायाचित्रकारांपैकी एक ठरले. त्या काळी सगळेच कॅमेरे मोठे होते, कारण निगेटिव्ह वाढवून प्रिंट काढण्याची सोय हाताशी नव्हती. जेवढी काच, तेवढाच फोटो. १८९६ साली राजा दीनदयाळ यांनी मुंबईत स्टुडिओ थाटला. बॅलार्ड इस्टेटमधला हॅमिल्टन स्टुडिओ १९२८चा. दादरला जे. एच. ठक्कर यांच्या इंडिया फोटो स्टुडिओत हिंदी सिनेमाच्या नटनट्यांचे चेहरे प्रखर दिव्यांखाली टिपले गेले. एन्लार्जर आल्यानंतरही स्टुडिओवाल्यांनी मोठी निगेटिव्ह सोडली नाही, त्याला एक अगदी व्यावहारिक कारण होतं: तिच्यावर पेन्सिलीने रीटच करता येतं. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, मुरुमांचे डाग, गळ्याच्या वळ्या, सगळं प्रिंट काढण्याआधी निगेटिव्हवरच मिटवलं जाई. ३५ मिलीमीटरच्या चिमुकल्या फ्रेमवर पेन्सिल चालवायची कुठे?

मात्र दक्षिण-मध्य मुंबईत सर्वांत मोठे कॅमेरे स्टुडिओंत नव्हते. ते होते छपाईचे ठसे बनवणाऱ्या ब्लॉकमेकरांकडे आणि छापखान्यांच्या प्रोसेस खात्यात. १८९४मध्ये राजा रविवर्म्यांचा शिळाप्रेस गिरगावातच सुरू झाला होता. तिथलं काम मुख्यतः हाताने दगडावर उतरवलेल्या रंगांचं होतं. पुढे चित्र ठिपक्यांत फोडून छापणारं हाफटोन आलं आणि छपाई कॅमेऱ्यावर येऊन उभी राहिली. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी याच धंद्यात होते. बडोद्याच्या कलाभवनात ते छायाचित्रण शिकले, ब्लॉक करण्याच्या कलेत त्यांनी हात बसवला, लोणावळ्याला छापखाना काढला आणि तो पुढे दादरला आणला. 'राजा हरिश्चंद्र' १९१३च्या ३ मे रोजी गिरगावच्या कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये लागला, तेव्हा त्याच्या मागे शाई, ॲसिड आणि बेलोजची बरीच वर्षं होती.

प्रोसेस कॅमेरा म्हणजे रुळांवर सरकणारं, खोलीभर लांबीचं यंत्र. एका टोकाला दिव्यांच्या झोतात मूळ चित्र, मध्ये बेलोज आणि लेन्स, दुसऱ्या टोकाला अंधारखोलीत उघडणारा फिल्मचा भाग. रंगीत चित्र चार शाईंत छापायचं तर त्याच चित्राच्या वेगवेगळ्या फिल्टरमधून निगेटिव्ह काढायच्या: लाल फिल्टरमधून निळसर सायनची, हिरव्यातून मॅजेंटाची, निळ्यातून पिवळ्याची, आणि वर काळ्याची एक. रॅटन क्रमांक २५, ५८ आणि ४७बी ही त्या तिघांची नावं. दीनानाथ दलालांच्या हातची दिवाळी अंकांची रंगीत मुखपृष्ठं वाचकाच्या हाती पडत, ती अशीच फिल्टरांतून गाळून पुन्हा एकत्र आलेली. आज ढग गडद करायला जो लाल फिल्टर आपण लावतो, तो या वस्तीत कित्येक वर्षं शाई वेगळी करण्यासाठी राबला. स्कॅनर आणि संगणक आल्यावर प्रोसेस कॅमेरे निकामी झाले. लोखंड भंगारात गेलं, जागेचं दुसरं काहीतरी झालं. लेन्स मात्र पितळेच्या आणि जड म्हणून हातोहात फिरत राहिल्या. चोरबाजारात मटण स्ट्रीटला किंवा फोर्टात बोरा बाजाराच्या आसपास एखादी काळी, जाडजूड, एफ/९ कोरलेली लेन्स दिसली, तर ती बहुधा या घराण्यातली असते. तिचा गुण आणि दोष दोन्ही पुढे सांगतो.

आता क्रमाकडे. समजा, रस्त्याच्या या फुटपाथवरून समोरच्या तळमजला अधिक तीन मजली चाळीचा फोटो हवा आहे. चाळीची उंची १५ मीटर, अंतर १२ मीटर, लेन्स जमिनीपासून दीड मीटरवर. ४×५ कॅमेऱ्याला १५० मिलीमीटरची नॉर्मल लेन्स लावली, तर चाळ फिल्मवर १८७ मिलीमीटर उंच उमटते. उभ्या फिल्मची कामाची उंची १२० मिलीमीटर. बसत नाही. मागे सरकावं तर पाठीला दुकानाचं शटर. ९० मिलीमीटरची लावली की चाळ ११२ मिलीमीटर होते, म्हणजे बसते. पण कॅमेरा सरळ समोर पाहतो आहे. फ्रेमचा मध्य दीड मीटरवर आणि चाळीचा मध्य साडेसात मीटरवर. हा ६ मीटरचा फरक फिल्मवर ४५ मिलीमीटर होतो. तेवढी लेन्स वर चढवावी लागणार.

इथे लेन्सचं दुसरं माप कामाला येतं, जे बहुतेक जण विकत घेताना विचारतच नाहीत. प्रत्येक लेन्स मागे प्रकाशाचं एक गोल वर्तुळ पाडते आणि फिल्म त्या वर्तुळात मावावी लागते. ४×५ला सरळ मावायला साधारण १५३ मिलीमीटर व्यास पुरतो. लेन्स ४५ मिलीमीटर वर नेली की तोच व्यास २३१ मिलीमीटर लागतो. ९० मिलीमीटर एफ/८ सुपर अँग्युलॉनचं वर्तुळ एफ/२२ला २१६ मिलीमीटर: गच्चीच्या बाजूचे दोन्ही कोपरे काळे. त्याच फोकल लांबीच्या निक्कॉर एसडब्ल्यू एफ/८चं २३५: जेमतेम पार पडतं. दोन्ही ९० मिलीमीटरच्या, दोन्ही एफ/८, दोन्ही नामांकित. एक चाळ घेते, दुसरी घेत नाही. शिवाय कॅमेऱ्याचा बेलोज नेहमीचा, जाड घड्यांचा असेल तर ९० मिलीमीटरवर तो इतका दाबला जातो की लेन्स ४५ मिलीमीटर वर चढतच नाही. त्याला मऊ, घडी नसलेला बॅग बेलोज लागतो. तो ज्याला बसतो तोच कॅमेरा घ्यायचा. कॅमेरा कुठला, हा प्रश्न आत्ता आला, आणि त्याचं निम्मं उत्तर गल्लीने देऊन टाकलं.

उरलेलं निम्मं उत्तर शेजाऱ्यांकडे असतं. आपल्या पाठीमागच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कुणाकडे ओळख काढा आणि गॅलरीत तिपाई लावू द्या म्हणून विनंती करा. लेन्स साडेसात मीटरवर गेली की वर चढवण्याची गरजच उरत नाही. १५३ मिलीमीटरचं वर्तुळही पुरतं आणि जुनी, स्वस्तातली वाइड लेन्सही काम करते. महागड्या लेन्सपेक्षा एक "काकू, दहा मिनिटं गॅलरी वापरू का?" अधिक उपयोगी ठरतं, आणि चहा वर मिळतो.

कॅमेऱ्यांचे ढोबळ दोन प्रकार. मोनोरेलमध्ये दोन्ही पाट्या एका दांड्यावर बसतात. त्याला सगळ्या दिशांना मुबलक हालचाल असते, बेलोज बदलता येतो, आणि स्टुडिओंनी काढून टाकलेले सिनार, कॅम्बो बऱ्या किमतीत मिळून जातात. वजन मात्र चार-पाच किलोपर्यंत जातं आणि पेटी अवघड असते. फील्ड कॅमेरा लाकडाचा किंवा धातूचा, घडी होऊन पेटीएवढा होणारा, दोन-अडीच किलोच्या आतबाहेरचा. हालचाल थोडी कमी. आपल्या देशातलं नाव सांगायचं तर १९४०च्या दशकात केरळात आलप्पुळ्याला बनू लागलेला वागीश्वरी. सागवानी लाकूड, पितळी फिटिंग, आणि देशभरच्या स्टुडिओंत वापर. असा एखादा अजून मिळतो. तो बहुतेक वेळा पोर्ट्रेटच्या बेताचा असतो. वाइड लेन्सच्या कामाला तो चालेलच असं नाही. मोनोरेल घ्यावा की फील्ड, याची मुंबईतली कसोटी सोपी आहे. सगळं सामान पाठीवर घेऊन संध्याकाळी सातला दादरच्या पुलावरून चालून बघा. चालता आलं तर मोनोरेल घ्या.

जुना कॅमेरा घेताना अंधाऱ्या खोलीत बेलोजच्या आत टॉर्च लावा आणि चारही कोपऱ्यांकडे नीट बघा. मुंबईच्या हवेत चामडं घड्यांच्या टोकाला आधी फुटतं. एक-दोन टाचणीएवढी भोकं काळ्या रंगाने बुजतात. चाळण झाली असेल तर नवा बेलोज शिवून घ्यावा लागतो, तो खर्च किमतीत धरा. मागची घासलेली काच आणि होल्डरमधली फिल्म एकाच अंतरावर बसतात का, हे तपासल्याशिवाय काही घेऊ नका. कुणीतरी काच बदलताना ती उलटी बसवलेली असते, आणि मग काचेवर टोकदार दिसणारं चित्र फिल्मवर कायम मऊ येतं. काचेची खरबरीत बाजू लेन्सकडे हवी.

लेन्सबद्दल पुस्तिकेत दोन प्रकरणं आहेत. त्यांचा निष्कर्ष इथेच सांगतो. ४×५साठी एकट्या १५० मिलीमीटरच्या लेन्सवर भागवू नका, जरी सगळे तीच सुचवत असले तरी. गिरगाव-लालबागच्या जागा अरुंद आहेत आणि इथली माणसं जवळून बोलतात. त्यामुळे इमारतींना ९० आणि माणसांना २१० ही जोडी अधिक कामाची. श्नायडर, रोडेनस्टॉक, निकॉन आणि फुजी या चौघांच्या गेल्या शतकाच्या उत्तरार्धातल्या बहुस्तरीय कोटिंगच्या लेन्समध्ये फरक शोधत बसू नये. जिचं शटर नीट चालतं ती चांगली. कोपल शटर ०, १ आणि ३ अशा तीन मापांत येतं आणि लेन्सबोर्डाचं भोक त्यानुसार ३४.६, ४१.६ आणि सुमारे ६५ मिलीमीटर पाडावं लागतं. शटर एका सेकंदावर लावून कान द्या. मध्येच अडखळत असेल तर त्याला तेल नव्हे, सफाई हवी. श्नायडरच्या जुन्या लेन्सच्या आतल्या कडेला पांढरे ठिपके दिसले तर घाबरू नका, तो रंगाचा पापुद्रा आहे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. तिने कोटिंग खाल्लं असेल तर ती लेन्स परत ठेवा.

२१०ने माणसाचं जवळचं पोर्ट्रेट काढताना एक हिशेब विसरायचा नाही. विषय जवळ आला की बेलोज लांबतो आणि फिल्मपर्यंत पोचणारा प्रकाश कमी होतो. प्रत्यक्षाच्या एक चतुर्थांश आकाराचं चित्र हवं असेल तर बेलोज २६२ मिलीमीटर होतो. या लांबीला फोकल लांबीने भागून वर्ग केला की दीडपटीहून थोडा जास्त प्रकाश, म्हणजे सुमारे दोन तृतीयांश स्टॉप. मूर्तिकाराच्या कारखान्यात गणपतीचा डोळा आखणारा हात प्रत्यक्ष आकारात टिपायचा असेल तर बेलोज फोकल लांबीच्या दुप्पट आणि प्रकाश दोन स्टॉप जास्त. ज्या कॅमेऱ्याचा बेलोज तेवढा लांबत नाही, त्याच्यावर २१० लावून हे काम होणार नाही.

आता छापखान्याच्या वारशाबद्दल. प्रोसेस लेन्स विकृती जवळजवळ शून्य आणि रंगदोष फार कमी ठेवते. तिला सरळ रेष सरळच दाखवावी लागत असे, नाहीतर चार रंगांचे ठसे एकावर एक बसलेच नसते. पण ती जवळच्या, मूळ आकाराच्या कामासाठी घडवलेली आहे. तिचं वर्तुळ १:१ला मोठं असतं, दूरच्या विषयाला निम्म्यावर येतं. ३०० मिलीमीटरची एफ/९ प्रोसेस लेन्स पाहून ८×१०वाला खूश होतो. दूरच्या इमारतीसाठी तिचं वर्तुळ सुमारे २६४ मिलीमीटर, आणि ८×१०ला लागतात ३२५. तीच लेन्स ५×७वर उत्तम चालते. दुसरी अडचण, तिला शटर नसतं. मात्र मंद फिल्म आणि बारीक छिद्र असेल तर ती अडचण राहत नाही. फिल्मचा वेग ५० धरला, एफ/४५ लावलं, तर सावलीतल्या गल्लीत सेकंद-सव्वा सेकंद मिळतो. लेन्सची टोपी काढायची आणि परत लावायची. शंभर वर्षांपूर्वी सगळेच असं करत.

फिल्टरच्या प्रकरणात खरेदीची यादी छोटी ठेवली आहे: पिवळा ८, नारिंगी १६, लाल २५, पोपटी ११, आणि एक पोलरायझर. पिवळा एक स्टॉप खातो, पोपटी दोन, लाल तीन. निक्कॉरच्या ९० एफ/८ आणि २१० या दोन्हींचे पुढचे आटे ६७ मिलीमीटरचे, म्हणजे एकच संच दोन्हींना चालतो. लेन्स निवडताना असंही बघावं. फिल्टरबद्दल पुस्तकांत लिहिलेलं बरंचसं कोरड्या, निळ्या आकाशाच्या देशांचं आहे. मुंबईत तीन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आषाढातल्या सरसकट पांढऱ्या आकाशात लाल फिल्टर काही करत नाही, कारण काळं करायला त्यात निळं काही नसतंच. भाद्रपद-आश्विनात पाऊस थांबून आकाश धुतलेलं असतं, तेव्हा नुसता पिवळा पुरतो. आणि हिवाळ्याच्या सकाळचं धुरकं लाल फिल्टरने फारसं कापलं जात नाही; ते धुळीचं आणि धुराचं असतं, त्याचे कण मोठे असतात आणि ते सगळे रंग सारखेच पसरवतात. गिरणीची चिमणी धुरक्यात हरवली असेल तर फिल्टर बदलू नका, दिवस बदला. खोताच्या वाडीत मात्र फिल्टरची किमया दिसते. नारिंगी लावला की कौलं उजळतात आणि झाडं गडद होतात. पोपटी लावला की नेमकं उलटं. पोलरायझर पावसात भिजलेल्या डांबरावरची आणि दुकानांच्या काचांवरची चमक काढतो, पण ९०सारख्या वाइड लेन्सवर आकाश एका बाजूला काळपट आणि दुसऱ्या बाजूला फिकट करून ठेवतो.

ज्यांना फिल्मची किंमत परवडत नाही, त्यांनी एक्स-रे फिल्म वापरून शिकावं. परळ हा इस्पितळांचा भाग. तिथल्या क्ष-किरण खात्यांत भिंतीवर ८×१० आणि १०×१२ इंचांची फिल्म उजेडात लावलेली आपण सगळ्यांनी पाहिली आहे. ही फिल्म निळ्या आणि हिरव्या प्रकाशाला जागी असते, लालला आंधळी. म्हणून लाल दिव्यात कापता आणि धुता येते. नवशिक्यासाठी हा फार मोठा फायदा. तिच्यावर लाल फिल्टर लावला तर फिल्म कोरी राहते. कुंकू आणि भगवा झेंडा काळे येतात, अगदी आजीच्या लग्नाच्या फोटोत आले होते तसेच. दोन्ही बाजूंना लेप असल्यामुळे ती ओली असताना नखानेही ओरखडते, तेव्हा ट्रेच्या तळाला काच ठेवा. मेटॉल, हायड्रोक्विनोन, सल्फाइट, हायपो ही रसायनं प्रिन्सेस स्ट्रीटच्या रासायनिक बाजारात विचारावी.

हवामानाला शत्रू मानून चालावं. डेव्हलपरचे तक्ते २० अंश सेल्सिअसला धरून केलेले असतात आणि मे महिन्यात नळाचं पाणी ३०च्या घरात. प्रत्येक अंशाला वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करता येतो, पण पाच मिनिटांच्या खाली उतरलं की फिल्म पट्ट्यापट्ट्यांनी धुतली जाते. ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि डेव्हलपरपासून शेवटच्या धुण्यापर्यंत सगळी पाणी एकाच तापमानाला आणा. फ्रिजमधली फिल्म पावसाळ्यात लगेच उघडली तर तिच्यावर दव धरतं. तास-दोन तास बाहेर राहू द्या. लेन्स चामड्याच्या पेटीत ठेवू नये. हवाबंद डबा आणि सिलिका जेल पुरे, फक्त जेल दर महिन्याला तव्यावर भाजून कोरडं करा. हवामानाशिवाय फिल्मचा आणखी एक स्वभाव लक्षात ठेवा: काळोख्या जिन्यात मीटरने १० सेकंद दाखवले तर तेवढेच देऊन चालत नाही. एवढा वेळ उघडी राहिली की फिल्म मंद होते. इलफर्डच्या एफपी४ प्लसला १८ आणि एचपी५ प्लसला २० सेकंद द्यावे लागतात.

रस्त्यावर तिपाई मांडली की गर्दी जमतेच. रेल्वे स्थानकं, गोदी आणि पोलीस ठाणी यांच्या आवारात परवानगीशिवाय कॅमेरा उघडू नका. चाळीत मालकाला आणि कमिटीला आधी भेटा. पोरांना एकेक करून काळ्या कापडाखाली घ्या आणि काचेवर उलटी झालेली त्यांची चाळ दाखवा. पोरं ओळखीची झाली की मोठी माणसंही बोलू लागतात. काम वेळ मागतं, आणि वेळ देणारे लोक या भागात अजून आहेत.

पुस्तिका पाच भागांत आहे: जागेचा हिशेब, लेन्स, कॅमेरा, फिल्टर, आणि फिल्म व अंधारखोली. ज्याच्याकडे कॅमेरा आधीच आहे त्यानेही पहिल्या भागापासून वाचावं. गणित नववीच्या पलीकडचं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी वहीत भरायचा एक तक्ता दिला आहे. तो भरल्याशिवाय पुढच्या भागात जाऊ नये, एवढा एकच हट्ट आहे.

वाचकांना दोन विनंत्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथल्या बीडीडी चाळींच्या १९२०च्या दशकातल्या २०७ इमारतींपैकी अनेक उतरल्या, उरलेल्या उतरतील. गिरगावच्या वाड्यांचंही तेच. तेव्हा लेन्सवर लेन्स जमवण्याआधी आपल्याच गल्लीतली एक इमारत निवडा, एका लेन्सने आणि एका फिल्मने वर्षभर तिचं काम करा, आणि प्रत्येक निगेटिव्हच्या पाकिटावर तारीख, मजला आणि खोली क्रमांक लिहा. दुसरी विनंती अशी की, घरात किंवा बंद पडलेल्या स्टुडिओत काचेच्या निगेटिव्हचा डबा सापडला तर काचा भंगारात देऊ नका आणि पुसूनही घेऊ नका. एकेक काच स्वच्छ कागदात गुंडाळा, उभी ठेवा, आणि एखाद्या संग्रहालयाला किंवा जाणत्या माणसाला दाखवा. कॅमेरा पुन्हा विकत मिळेल, ती काच मिळणार नाही.